जुन्या प्रोग्रॅमला ठिगळ : कायदा काय म्हणतो, माणुसकी काय सांगते?



संगणकाच्या कामावर लागलेल्या आपल्या तरुणांकडून एक प्रश्न आमच्याकडे वरचेवर येतो. कुणी पतसंस्थेत आहे, कुणी दवाखान्यात, कुणी छोट्या कारखान्याच्या हिशेब खात्यात. प्रश्न साधारण असा असतो : "संस्थेने पंधरा-वीस वर्षांपूर्वी प्रोग्रॅम विकत घेतला. आता तो तारखा चुकीच्या धरतो. त्यामुळे व्याज चुकते, मुदत चुकते. बनविणाऱ्या कंपनीला पत्रे लिहिली, उत्तर नाही. साहेब म्हणतात, तूच काहीतरी कर. आम्ही हात लावला तर गुन्हा होईल का? आणि नाही लावला तर लोकांचे नुकसान होते, त्याचे काय?"

वरवर पाहता हा एका यंत्राचा प्रश्न वाटतो. पण त्यात मालकी आहे, कायदा आहे आणि गरिबाच्या पैशाचा व आरोग्याचाही प्रश्न आहे. म्हणून या वेळचे सदर आम्ही याच विषयाला देत आहोत.

तारीख ही काही साधी गोष्ट नाही. आपल्या समाजातील जुन्या पिढीच्या कित्येक माणसांची जन्मतारीख कागदोपत्री १ जून आहे. आईबापांना तारीख ठाऊक नव्हती. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिली ती तारीख जन्मभराची झाली. त्याच तारखेवर नोकरी लागली, त्याच तारखेवर निवृत्ती आली, पेन्शन ठरले. श्रावणबाळ योजनेत पासष्ट वर्षे पूर्ण झाली की नाही, हेही तीच तारीख सांगते. कागदावरचा एक आकडा इकडचा तिकडे झाला तर म्हातारीला किती हेलपाटे पडतात, हे कार्यालयाच्या खिडकीच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिलेल्या माणसालाच कळते. तो आकडा आता वहीत नसून यंत्रात आहे, एवढाच काय तो फरक.

दोन आकड्यांची काटकसर

संगणकाच्या सुरुवातीच्या काळात माहिती पुठ्ठ्याच्या कार्डावर भोके पाडून भरीत. एका कार्डावर ऐंशी अक्षरे मावत. पुढे चुंबकीय साठवण आली, पण तीही महागच होती. म्हणून १९६५ हे साल "६५" असे लिहायचा रिवाज पडला. आपण कारकून मंडळीही अर्जावर तसेच लिहीत होतो. पण माणसाला "०५" म्हणजे कोणते शतक हे संदर्भाने कळते, यंत्राला कळत नाही. ते "००"मधून "६५" वजा करते आणि उत्तर उणे पासष्ट देते.

हा धोका कुणाला ठाऊक नव्हता असे नाही. बॉब बेमर नावाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९७१ सालापासून त्याबद्दल लिहिले होते. कुणी मनावर घेतले नाही. जो तो म्हणे, सन २००० येईपर्यंत हा प्रोग्रॅम कोण वापरणार आहे? पण चालती गाडी कुणी मोडीत काढत नाही. सत्तरीत लिहिलेले प्रोग्रॅम नव्वदीतही बँकांत, विमा कंपन्यांत, सरकारी कचेऱ्यांत चालूच होते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात विनोना या गावी १०४ वर्षांच्या एका आजीबाईंना १९९२ साली बालवाडीत नाव घालण्याचे निमंत्रण आले. त्यांचे जन्मसाल "८८" असे नोंदले होते. यंत्राच्या लेखी त्या चार वर्षांच्या होत्या.

हा किस्सा हसण्यावारी गेला. शेफिल्डचा प्रकार मात्र हसण्याजोगा नव्हता. इंग्लंडमधील शेफिल्ड शहराच्या नॉर्दर्न जनरल हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत गर्भवती स्त्रियांच्या रक्ताची तपासणी होई. पोटातील बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता किती, याचा अंदाज संगणक काढी. त्या अंदाजात आईचे वय फार महत्त्वाचे असते. जानेवारी २००० पासून मे महिन्यापर्यंत तो संगणक वय चुकीचे धरत राहिला. दीडशेहून अधिक स्त्रियांना "तुम्हाला धोका कमी आहे" असे चुकीचे सांगितले गेले. त्यांपैकी चौघींच्या पोटातील बाळांना डाऊन सिंड्रोम होता. दोघींची बाळे जन्माला आली. दोघींना उशिराने गर्भपात करावा लागला. २००१ साली चौकशीचा अहवाल आला तेव्हा ही गोष्ट जगापुढे आली. अशी मुले कमी मोलाची असतात असे आम्ही मुळीच म्हणत नाही. प्रश्न हा आहे की त्या मातांना खरी माहिती मिळण्याचा, विचार करण्याचा आणि तयारी करण्याचा हक्क होता, आणि तारखेच्या चुकीने तो हिरावून घेतला. "काही झाले नाही, सगळा बाऊ होता" असे म्हणणाऱ्यांनी त्या स्त्रियांना विचारावे.

विकत घेतले म्हणजे मालक झालो का?

आता कायद्याकडे वळू. शिवणयंत्र विकत घेतले तर ते उघडून तेल घालायला, सुटा भाग बदलायला कुणाची परवानगी लागत नाही. प्रोग्रॅमचे तसे नाही. कायद्याच्या दृष्टीने प्रोग्रॅम हे पुस्तकासारखे लेखन आहे आणि त्याला कॉपीराइट आहे. आपल्या हाती येते ती त्याची प्रत व वापरण्याचा परवाना. त्या परवान्यात बारीक अक्षरांत बहुधा लिहिलेले असते की, यात बदल करू नये, तिसऱ्या माणसाला दाखवू नये, उलगडून पाहू नये. नव्वदीच्या दशकात तारखेच्या दुरुस्तीची घाई उडाली तेव्हा हीच अडचण पुढे आली. दुरुस्ती करणारी कंपनी वेगळी आणि प्रोग्रॅमची मालक वेगळी. अमेरिकेत १९९३ साली एमएआय विरुद्ध पीक या खटल्यात अपील न्यायालयाने असे ठरविले होते की, दुरुस्तीला आलेल्या बाहेरच्या माणसाने परवानगीवाचून संगणक चालू केला आणि प्रोग्रॅम यंत्राच्या स्मृतीत चढला, तरी ती नक्कलच होय. म्हणजे यंत्र दुरुस्त करायला आलेला कारागीर नुसती कळ दाबून दोषी! १९९८ साली तेथील संसदेने कायदा बदलून यंत्राच्या दुरुस्तीपुरती सूट दिली. पण ती यंत्रापुरतीच, प्रोग्रॅममधील चूक काढण्यापुरती नव्हे.

पुढे न्यायालयांचा कल हळूहळू वापरणाऱ्याच्या बाजूला झुकला. दोन निकाल लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

पहिला अमेरिकेतला, २००५ सालचा, क्राउझ विरुद्ध टायटलसर्व्ह. एका प्रोग्रॅमरने या कंपनीसाठी दहा वर्षे प्रोग्रॅम लिहिले आणि त्याचा चांगला मोबदला घेतला. १९९६ साली बिनसले आणि तो निघून गेला. जाताना म्हणाला, आज आहेत तसे वापरा, पण आत हात घालायचा नाही. आता गिऱ्हाइकाचा पत्ता बदलला तरी तो प्रोग्रॅमच्या आत जाऊनच बदलावा लागे, अशी त्याची रचना. हात लावू नये तर धंदा बंद. कंपनीने त्याने घातलेले कुलूप उघडले, चुका काढल्या, काम चालू ठेवले. न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला. प्रतीसाठी योग्य मोल मोजणारा आणि ती कायम जवळ बाळगण्याचा हक्क असलेला माणूस त्या प्रतीचा मालक ठरतो, आणि प्रोग्रॅम आपल्या कामात चालावा म्हणून त्याने केलेले बदल क्षम्य आहेत, असे न्यायालयाने म्हटले.

दुसरा निकाल युरोपियन युनियनच्या न्यायालयाचा, ६ ऑक्टोबर २०२१ चा. बेल्जियम सरकारच्या नोकरभरती कचेरीसाठी टॉप सिस्टिम या कंपनीने प्रोग्रॅम केले होते. त्यातील एक भाग नीट चालेना. वाद झाला, आणि कचेरीने प्रोग्रॅम उलगडून तो भाग बंद केला. न्यायालय म्हणाले, रीतसर घेणाऱ्याला चूक काढण्यासाठी प्रोग्रॅम उलगडण्याचा अधिकार आहे; मात्र चूक काढण्यापुरताच, आणि करारात काही रीत ठरली असेल तर ती पाळून. करार करून दुरुस्तीचा हक्क पूर्णपणे हिरावून घेता येणार नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

आता आपल्या देशाचे पाहू. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये, कोणती कृत्ये कॉपीराइटचा भंग ठरत नाहीत, याची यादी आहे. त्यातील उपकलम (१)(एए) असे सांगते की, प्रोग्रॅमची प्रत ज्याच्याकडे कायदेशीररीत्या आहे त्याने, तो प्रोग्रॅम ज्या कामासाठी पुरविला गेला त्याच कामासाठी वापरता यावा म्हणून प्रती काढल्या किंवा त्यात फेरफार केला, तर तो भंग नव्हे. नुकसान होऊ नये म्हणून राखीव प्रत ठेवणे हेही त्यात बसते. येथे शब्द "मालक" असा नाही. कायदेशीर ताबा असला की पुरे. व्याज मोजण्यासाठी घेतलेला प्रोग्रॅम चुकीच्या तारखेमुळे व्याज नीट मोजत नसेल, तर त्याला मूळ कामावर परत आणणे, हा याच कलमाचा गाभा आहे, असे आम्हाला वाटते.

पण हे कलम म्हणजे मोकळे रान नव्हे. त्याला तीन कुंपणे आहेत.

पहिले कुंपण : प्रत खरी हवी. चोरीच्या प्रतीला हे संरक्षण नाही. चोरीची प्रत जाणूनबुजून वापरली तर कलम ६३बी खाली सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाखांपर्यंत दंड आहे. धंद्यासाठी वापर केलेला नसेल तर न्यायालय कैद टाळू शकते, पण दंडाची टांगती तलवार राहतेच.

दुसरे कुंपण : संगणक ज्याचा, त्याची परवानगी हवी. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे संगणकाच्या मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीवाचून आत शिरणे, आतील माहिती बदलणे किंवा पुसणे यासाठी भरपाई द्यावी लागते. हेच अप्रामाणिक हेतूने केले तर कलम ६६ खाली शिक्षा आहे. म्हणून "साहेब तोंडी म्हणाले" यावर विसंबू नका. उद्या साहेब बदलतात, आणि तोंडी हुकमाला साक्षीदार मिळत नाही. गरिबाच्या मुलाने तर हे मनावर कोरूनच ठेवावे. काही बिघडले की बोट प्रथम सर्वांत खालच्या खुर्चीकडे वळते.

तिसरे कुंपण : चूक वेगळी आणि कुलूप वेगळे. प्रोग्रॅम एका वर्षाच्या परवान्यावर घेतला, वर्ष संपल्यावर तो बंद पडला, तर ती तारखेची चूक नव्हे, तो करार आहे. संगणकाची तारीख मागे सरकवून तो चालू ठेवणे ही दुरुस्ती नाही, ती लबाडी आहे. २०१२ साली कायद्यात घातलेले कलम ६५ए असे सांगते की, कॉपीराइट मोडण्याच्या हेतूने संरक्षक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी कुलूप उघडण्याची मुभा त्यात आहे. पण दुसऱ्याला त्या कामात मदत करणाऱ्याने त्याचे नाव, पत्ता आणि कामाचा हेतू यांची पूर्ण नोंद ठेवावी, अशीही अट आहे. हे वाक्य संगणक दुरुस्तीचे दुकान चालविणाऱ्या आपल्या मुलांनी भिंतीवर लावावे.

तारखेचेच कुलूप केले तर?

याची उलटी बाजूही आहे. गिऱ्हाइकाने तारीख फिरवणे लबाडी, तर बनविणाऱ्यानेच आत तारीख दडवून ठेवली तर? पोलंडमध्ये हे प्रकरण २०२३ साली गाजले. न्यूआग कंपनीच्या काही आगगाड्या दुसऱ्या कारखान्यात देखभालीला गेल्या आणि सर्व काम नीट होऊनही सुरूच होईनात. त्या कारखान्याने ड्रॅगन सेक्टर या गटातील जाणकारांना बोलावले. त्यांनी प्रोग्रॅम उलगडून पाहिला आणि जाहीर सांगितले की, गाडी प्रतिस्पर्धी कारखान्याच्या आवारात उभी राहिली तर ती अडकून पडावी, अशा अटी आत आहेत. एका गाडीत तर ठराविक तारखेनंतर कॉम्प्रेसर बिघडल्याची खोटी सूचना यावी अशी अट होती. न्यूआगने हे आरोप साफ नाकारले आणि कारखाना व जाणकार यांच्यावरच कॉपीराइट भंगाचा दावा लावला. निकाल काहीही लागो, प्रश्न मोलाचा आहे. लोकांच्या पैशाने घेतलेल्या गाडीच्या पोटात काय आहे, हे लोकांना कळायला नको काय? दाराची किल्ली विकणाऱ्याच्याच खिशात राहणार असेल तर ते घर आपले कसे?

बनविणाऱ्याची जबाबदारी

दुरुस्ती करणाऱ्याला एवढे नियम, मग सदोष माल विकणाऱ्याला काहीच नाही का? आहे. मिशिगन राज्यातील वॉरेन गावी प्रोड्यूस पॅलेस नावाचे भाजीफळांचे व किराण्याचे दुकान होते. त्यांनी १९९५ साली सुमारे एक लाख डॉलर मोजून गल्ल्याची यंत्रे घेतली. ज्यांच्या कार्डाची मुदत २००० साली संपणार असे गिऱ्हाईक आले की यंत्रे बंद पडत आणि गिऱ्हाइकांच्या रांगा तिष्ठत राहत. दुकानदाराने १९९७ साली दावा लावला. तारखेच्या दोषावरचा हा पहिला दावा म्हणून ओळखला जातो. १९९८ साली अडीच लाख डॉलरवर तडजोड झाली. मेडिकल मॅनेजर हा दवाखान्यांचा प्रोग्रॅम बनविणाऱ्या कंपनीने जुन्या ग्राहकांना दुरुस्तीसाठी नवा माल पैसे देऊन घ्यायला सांगितले, तेव्हा डॉक्टर मंडळी १९९८ साली न्यायालयात गेली आणि तडजोडीत कंपनीला दुरुस्ती मोफत द्यावी लागली. सदोष माल द्यायचा आणि दोष काढायचेही पैसे घ्यायचे, हा न्याय न्यायालयाच्या दारात टिकत नाही.

दाव्यांचा पूर येईल या भीतीने अमेरिकेने दोन कायदे केले. ऑक्टोबर १९९८ च्या कायद्याने, प्रामाणिकपणे दिलेली तयारीची माहिती पुढे देणाऱ्याच्याच विरुद्ध सहजासहजी वापरता येऊ नये, असे संरक्षण दिले. म्हणजे लोक दोष लपविणार नाहीत. जुलै १९९९ च्या कायद्याने, दावा लावण्याआधी नोटीस द्यावी, समोरच्याने तीस दिवसांत उत्तर द्यावे आणि मग साठ दिवसांत दुरुस्ती करावी, अशी वाट आखली. शारीरिक इजा व मृत्यूचे दावे मात्र या कायद्याबाहेर ठेवले. पैशाचे नुकसान थांबू शकते, जिवाचे नाही, हा भेद तेथील कायद्याने ओळखला हे चांगलेच झाले. कंपन्यांना यातून फार मोकळीक मिळाली अशी टीकाही तेव्हा झाली, आणि ती अगदीच गैरलागू नव्हती.

आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. व्यापारी हेतूने घेतलेल्या मालाला तो लागत नाही; पण स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून कुणी शिवणकामाचे किंवा झेरॉक्सचे दुकान चालवीत असेल तर त्याला ग्राहक म्हणून दाद मागता येते. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, हे विसरू नये.

ठिगळ लावायचे, पण कसे?

कायद्याने परवानगी दिली म्हणजे काम नीतीचे झाले असे नाही. सन २००० च्या दुरुस्तीच्या दोन रीती होत्या. एक खरी : सर्व ठिकाणी साल चार आकडी करणे. त्याला वेळ व पैसा लागे. दुसरी स्वस्त : साल दोनच आकडी ठेवायचे, पण यंत्राला सांगायचे की "००" ते "२९" आले तर ते २०००च्या पुढचे समज आणि "३०" ते "९९" आले तर १९००च्या पुढचे. काम भागते. पण १९२८ साली जन्मलेला पेन्शनर २०२८ साली जन्मायचा आहे असे ते यंत्र समजते! शिवाय ठरविलेली सीमा आली की दुखणे परत उभे. कुणी तर यंत्राची तारीख सरळ अठ्ठावीस वर्षे मागे नेली, कारण अठ्ठावीस वर्षांनी वार आणि तारखा पुन्हा तशाच जुळतात. हे आजाऱ्याला बरे करणे नव्हे, थर्मामीटरचा आकडा बदलणे होय.

तात्पुरते ठिगळ लावणे हे पाप नाही. घरात पाणी गळत असेल तर पहिल्या पावसात माणूस प्लॅस्टिकच घालतो. चूक तेव्हा होते, जेव्हा घर सोडताना पुढच्या भाडेकरूला सांगितले जात नाही की वर कौल नाही, प्लॅस्टिक आहे. १ जानेवारी २०२० रोजी न्यूयॉर्क शहरातील गाड्या उभ्या करण्याच्या पैशांची यंत्रे कार्ड घेईनाशी झाली. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये त्याच दिवसाची मर्यादा घातलेली होती आणि ती वेळेवर कुणी वाढविली नव्हती. कामगारांना यंत्रामागून यंत्र फिरून दुरुस्ती करावी लागली.

आम्हा कारकुनांच्या धंद्यात एक जुना नियम आहे. सेवापुस्तकात किंवा खतावणीत चूक झाली तर खोडरबर लावायचा नाही, ब्लेडने खरवडायचे नाही. चुकीवर एकच रेघ मारायची, मूळ आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा, बाजूला सही आणि तारीख घालायची. का? कारण दुरुस्ती कुणी केली, केव्हा केली आणि आधी काय होते, हे पुढच्या माणसाला कळले पाहिजे. प्रोग्रॅम दुरुस्त करणाऱ्यालाही याहून मोठी नीती शिकण्याची गरज नाही. जुनी प्रत जपून ठेवा. काय बदलले, का बदलले आणि हे ठिगळ किती सालापर्यंत टिकेल, हे साध्या भाषेत लिहून ठेवा.

यावर काही जण म्हणतील, एवढे लिहीत बसलो तर आमची गरज काय उरली? सगळे डोक्यात ठेवले तर नोकरी पक्की. या विचाराबद्दल आम्हाला सहानुभूती आहे. कंत्राटावर राबणाऱ्या मुलाला असुरक्षित वाटणारच. पण ज्ञान दडवून स्वतःची किंमत वाढविण्याची रीत ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसली, त्यांनी तीच रीत पुढे चालविणे शोभत नाही.

दुरुस्ती करणाऱ्याच्या श्रमाबद्दलही बोलले पाहिजे. सन २००० च्या कामासाठी आपल्या देशातील हजारो तरुण जुनी कोबोल भाषा शिकले. अमेरिकेने १९९८ साली कायदा करून परदेशी कुशल कामगारांची वार्षिक व्हिसा मर्यादा ६५ हजारांवरून १ लाख १५ हजारांवर नेली. रात्रंदिवस ओळीमागून ओळ तपासली गेली. १ जानेवारी २००० उजाडला, दिवे चालू राहिले, आणि जग म्हणाले, काहीच झाले नाही, उगीच पैसा घालविला. गटार तुंबले नाही तर साफ करणाऱ्याचे नाव कुणी घेत नाही; तुंबले की त्यालाच शिव्या. दुरुस्तीच्या कामाचे हे दुर्दैव आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

पुढची तारीख

हा सगळा इतिहास झाला असे समजू नये. पुष्कळ संगणक १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले, यावरून वेळ मोजतात. जुन्या बत्तीस बिटांच्या पद्धतीत हा आकडा २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच जाऊ शकतो. १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ती मर्यादा भरेल. पुढच्या सेकंदाला अशी न सुधारलेली यंत्रे डिसेंबर १९०१ मध्ये जातील. नव्या संगणकांत हे सुधारले आहे. पण भिंतीत, यंत्रात, मीटरमध्ये बसविलेली छोटी जुनी यंत्रे वर्षानुवर्षे तशीच राहतात. आणि २०३८ पर्यंत थांबायचेही कारण नाही. २०१८ साली वीस वर्षांच्या मुदतीचे घरकर्ज दिले, त्याचा शेवटचा हप्ता २०३८ मध्येच पडतो. तो हिशेब यंत्राला कर्ज देतानाच करावा लागतो.

म्हणून संस्था चालविणाऱ्यांना व तेथील मुलांना आमचे सांगणे असे :

१. प्रोग्रॅमचे बिल, परवाना आणि करार एका फायलीत ठेवा. कायदेशीर ताब्याचा पुरावा तोच.

२. चूक दिसली की प्रथम बनविणाऱ्याला लेखी कळवा, स्पीड पोस्टाने, आणि पोच जपून ठेवा. वाजवी मुदत द्या.

३. उत्तर न आल्यास कार्यकारी मंडळाचा ठराव करा : कोणती चूक, कोण दुरुस्त करणार, कशासाठी. ठरावाची प्रत दुरुस्ती करणाऱ्याला द्या. रक्कम मोठी असेल तर वकिलाला करार दाखवा.

४. आधी राखीव प्रत काढा. दुरुस्ती प्रतीवर करा, चालू हिशेबावर नको.

५. चूक काढण्यापुरतेच बदला. त्या निमित्ताने प्रोग्रॅमची प्रत दुसऱ्या संस्थेला देऊ नका, विकू नका.

६. ३१ डिसेंबर, २९ फेब्रुवारी, २०३८ नंतरची एखादी मुदत, अशा तारखा घालून पाहा. सर्वांत वयस्क सभासदाचे वय हाताने मोजून यंत्राच्या उत्तराशी ताडून बघा.

७. आणि सर्वांत महत्त्वाचे : चुकीमुळे कुणाचे व्याज कमी दिले गेले असेल, कुणाला दंड लागला असेल, तर तो हिशेब मागे जाऊन करा आणि सभासदांना कळवा. पुढचे दुरुस्त करून मागचे गिळून टाकणे याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

शेवटच्या मुद्द्यावर संस्था कचरतात, बदनामी होईल म्हणून. आमचा अनुभव उलटा आहे. मोलकरीण, हमाल, गिरणीतून निवृत्त झालेला म्हातारा यांना कोणी स्वतःहून सांगितले की "तुमचे दोनशे चाळीस रुपये आमच्या चुकीने कमी पडले होते, हे घ्या," तर तो माणूस ती संस्था जन्मात सोडत नाही. यंत्र चुकले हे कारण ऐकून घ्यायला तो तयार असतो. त्याला न सांगता ठेवलेले मात्र तो विसरत नाही.

कायदा दुरुस्ती करणाऱ्याला दार उघडून देतो. आत जाऊन काय केले ते उजेडात ठेवणे, हे ज्याचे त्याने करायचे असते. येत्या महिन्याच्या सभेत आपल्या संस्थेच्या सचिवांना एवढे जरूर विचारा : आपला प्रोग्रॅम कुणी बनविला, त्याला कधी ठिगळ लागले आहे का, आणि त्याची नोंद कुठे आहे?